कशाची क्षमा, ते बोला

ए, तू नुसतं ऐक. मधी बोलायचं न्हाय. चहा गार झाला तर झाला. एक दुवा निसटला की तू म्हणणार, "ह्यात काय एवढं?" आणि मला परत बुडापास्नं सांगायला लागणार.

तर क्षमावणीचा दिवस. पर्युषणाचे दहा दिवस झाले, अनंत चतुर्दशी झाली, की सगळे जैन एकमेकांच्या दारात जाऊन हात जोडत्यात, "उत्तम क्षमा". वर्षभरात चुकलं-माकलं माफ करा म्हणून. बाकीच्या घरात हे दोन मिनिटांचं काम. तवनाप्पांच्या राजारामपुरीतल्या घरात न्हाय. तिथं सोफ्यावर स्वतः अप्पा बसलेले असत्यात. वय चौऱ्याहत्तर, शिरोलीत रिकाम्या माळावर फौंड्री उभी केलेला माणूस, आणि तोंड असं की तापल्या लोखंडावर पाणी. कुणी हात जोडले रे जोडले की हे विचारणार,

"कशाची?"

समोरचा बावचळतोय. हात तसेच जोडलेले.

"कशाची क्षमा, ते बोला की. मोघम क्षमा म्हंजे पत्ता न लिहिलेलं पाकीट. पोचणार कुणाला?"

एका सालात चुलत भावानं खरंच सांगितलं, की तुमच्या माघारी तुम्हाला मी गर्विष्ठ म्हटलं. अप्पा म्हणाले, "ते म्हाईत हाय. आणि काय?" तवापास्नं निम्मे पावणे मोबाइलवरच कमळाचं चित्र पाठवून मोकळे होत्यात. शहाणे हायत.

रुचिता ह्या घरात सून म्हणून आली त्याला आठ वर्सं झाली. लग्न ठरताना अप्पांनी तिला पत्रिका न्हाय, गाणं विचारलतं, ते तुला सांगितलंयच. तिनं कुठल्यातरी सीरियलचं नाव घेतलं आणि अप्पा पोराला, पारसला म्हणाले, "बघ बाबा, जल्मभर ऐकायचं तुला हाय." तरी लग्न झालं. पारस बापावर गेला न्हाय, हे त्या घराचं नशीब.

आता पुढची खोली. अकराशे रेकॉर्डी. अठ्ठ्याहत्तर साली फौंड्रीत मशीन बसवायला एक जर्मन फिटर आलता, जाताना त्यानं अप्पांना रेकॉर्डींचं एक लाकडी खोकं दिलं, तिथनं हे सगळं सुरू झालं. सगळ्या काळ्या तबकड्या, सगळं रॉक आणि जॅझ. एक हिंदी न्हाय, एक मराठी न्हाय. रेकॉर्ड फिरते तो खालचा पाया अप्पांनी स्वतःच्या फौंड्रीत ओतून घेतलाय, चाळीस किलोचं बीड, म्हंजे ओतीव लोखंड, उचलायला दोन माणसं लागत्यात. आणि कोपऱ्यात सागवानी दोन स्पीकर, माणसाच्या छातीएवढे, पॅटर्न शॉपात लाकडी नमुने करणाऱ्या पिराजी सुतारानं केलेले. ह्या स्पीकरांवर ध्यान ठेव. सगळा घोळ तिथंच हाय.

त्या दिवशी दुपारी सम्राट आलता. सम्राट म्हंजे ताराबाई पार्कात कॉफीचं दुकान काढलेला. दाढी कोरलेली, पँट घोट्याच्या वर, घरात टोपी. त्याच्या दुकानात भिंतभर रेकॉर्डी लावल्यात, खिळा मारून! रविवारी उद्घाटन होतं. साठ खुर्च्या, पुण्या-मुंबईची माणसं, नवेकोरे स्पीकर, आणि अप्पांनी दहा रेकॉर्डी लावून त्यावर बोलायचं. अप्पा महिनाभर तयारी करालते. वरनं तोऱ्यात, पण मोडीत काढलेला जुना कोट ड्रायक्लीनला दिलता, त्यावरनं ओळख. चाळीस वर्सं ज्या माणसाचं ऐकायला घरातलं मांजर बी बसलं न्हाय, त्याचं ऐकायला साठ माणसं बसणार होती.

"भिंतीला रेकॉर्ड लावलीस," अप्पा म्हणाले, "उद्या दाराला ताट लाव. जेवायचं न्हाईच म्हटल्यावर."

"व्हाइब असतो अप्पा तो," सम्राट म्हणाला.

"असंल. ताप आला तरी अंग थरथरतंयच." अप्पांनी एक रेकॉर्ड काढली. नावं ते कधी घेत न्हाईत, तुमच्या जिभा वळायच्या न्हाईत म्हणत्यात. कव्हरावर जे दिसतंय ते नाव. "ही 'ओला रस्ता'. चार केसाळ गडी. सुरुवातीला भट्टी झकास पेटवल्यात. लोखंडाचा रस लाल झालाय, आता साच्यात ओतणार म्हणून आपण उठून उभं ऱ्हातोय, आणि हे बारा मिनिटं नुसता रस ढवळालेत! गिटारवाल्याला वाटालंय आपण लई खोल चाललोय. खोल कसलं बाबा, ग्राइंडर चालवालायस तू. माझ्याकडं बिडाच्या कडा घासणारी माणसं हायत, ती ह्याच्यापेक्षा सुरात घासत्यात."

"मग ठेवलीय कशाला?"

"भंगार जवळ असल्याशिवाय माल कळत न्हाय. आणि दुसऱ्या बाजूला शेवटचं गाणं, दोनच मिनिटांचं. ते खणखणीत हाय. त्या दोन मिनिटांसाठी पंचेचाळीस वर्सं बाकीचा कचरा सांभाळलाय. संसार दुसरा काय असतोय?"

रुचिता हुग्गीच्या वाट्या घेऊन दारात उभी होती. खपली गव्हाची खीर, गूळ घातलेली. हे शेवटचं वाक्य ऐकून तिला हसू आलं, खरं सांगू तर थोडा जीव बी लागला. एवढ्यात अप्पांनी दुसरी रेकॉर्ड लावली आणि तिचं हसू गेलं.

"ही 'टोपीवाला'. जॅझ. हा बघ, वाजवतोय त्यापेक्षा सोडतोय जास्त. रॉकवाल्याला रिकामी जागा दिसली की त्यात तो किंचाळतोय. ह्याला रिकामी जागा दिसली की हा सरकून बसतोय. साचा मोडलाय, तरी आकार जाग्यावर! आणि आता झांज. ड्रमवाला झांजेवर तारेचा ब्रश फिरवतोय. बारीक. कढईत मोहरी तडतडल्यागत. ऐकालास न्हवं?"

खोलीत कसलीच मोहरी तडतडत नव्हती. नुसतं धब्ब, धब्ब. आणि ते तुतारीसारखं वाद्य गोधडीतनं वाजवल्यागत.

सम्राटनं डोळे मिटले, मान हलवली. "वाह! किती वॉर्म साउंड आहे, अप्पा. डिजिटलमध्ये हे मिळतच नाही."

रुचितानं आधी स्पीकरकडं बघितलं, मग सम्राटकडं.

कारण काय म्हाईत हाय? दोन वर्सांमागं घराला रंग दिला. तवा स्पीकरच्या सगळ्या वायरी रुचितानं काढल्या. रंग वाळल्यावर परत लावल्या, पण जाड तेवढ्याच. पातळ वायरी तिला वाटल्या अर्थिंगच्या असतील, म्हणून चिकटपट्टी गुंडाळून मागं खोचून ठेवल्या. तीन महिन्यांनी तिचा भाऊ आला, तो असल्या कामातला. म्हणाला, "अगं ताई, वरचे बारीक स्पीकर बंदच हायत की. झांज, घुंगरू, बारीक काय बी येणार न्हाय." ती लगेच जोडणार होती. पण त्या तीन महिन्यांत अप्पा रोज संध्याकाळी तिला म्हणालते, "रंग दिल्यापास्नं झांज काय स्वच्छ येतीया, ऐक!"

मग कसं जोडणार, सांग? जोडलं आणि त्यांना फरकच कळला न्हाय तर? चाळीस वर्सं भट्टीच्या आणि ग्राइंडरच्या आवाजात उभा राहिलेला माणूस. कानातला वरचा मजला, बारीक आवाजांचा, कधी रिकामा झाला, त्याला पत्ता न्हाय. तो आठवणीतली झांज ऐकालता, आणि अख्ख्या जगाला बहिरं म्हणालता.

ती वाट्या टेकवून सैपाकघरात आली. पारस पाणी पीत उभा होता.

"रविवारी ते साठ माणसांत काय तरी बोलणार," ती दबक्या आवाजात म्हणाली, "आणि कोण तरी हसणार. मला एक सांगायचंय. त्या स्पीकरच्या वायरी..."

"मला म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"वायरींचं न्हाय. कानांचं." पारसनं तांब्या खाली ठेवला. "दर शनिवारी फौंड्रीत येऊन हातोडी मारून माल तपासत्यात न्हवं? खणकन वाजला तर पास, बद्द वाजला तर तडा. आख्ख्या शिरोलीत त्यांच्या कानाची साक्ष काढायचे. गेल्या साली त्यांनी पास केलेल्यातले अकरा नग तडकलेले निघाले. ब्रेकचे ड्रम, रुचिता. गाडीखाली बसत्यात ते."

"मग?"

"मग काय. ते घरला आले की मी सगळा माल लाल रंग लावून परत तपासतो. तड्यात रंग मुरतोय, दिसतंय. सोमवारपर्यंत उरकतो, कुणाला काय कळत न्हाय."

म्हंजे बघ, नवरा-बायको एका खोलीत झोपणार, आणि दोघं वर्षभर एकच गोष्ट एकमेकापास्नं लपवणार. ह्याला म्हणत्यात सुशिक्षित घर.

"सांगूया?" ती म्हणाली.

"तू सांग."

"तुमचा बाप हाय!"

"म्हणूनच," पारस म्हणाला, आणि एवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. त्रिशलाआत्या.

त्रिशलाआत्या म्हंजे अप्पांची धाकटी बहीण, कुरुंदवाडला दिलेली, भावाला अण्णा म्हणणारी. अडुसष्ट वय, चणी बारीक, पण ताठ. लग्नाआधी ती बस्तीत, म्हंजे जैनांच्या देवळात, स्तवन म्हणायची, बायका कामं टाकून यायच्या. त्या जर्मनाचं खोकं घरात आलं आणि आठ दिवसांत अप्पांना नवे कान फुटले. एका क्षमावणीलाच, भरल्या घरात, ती म्हणत असताना ते म्हणाले, "बस कर त्रिशले, पत्र्याचा डबा वाजालाय." सगळे हसले. त्या दिवसापास्नं तिनं तोंड मिटलं ते मिटलं. पोरांना अंगाई सुद्धा म्हटली न्हाय, नुसतं थोपटलं. ह्या साली मात्र कुरुंदवाडच्या बायकांनी हट्ट धरला आणि पर्युषणात दहा दिवस ती बस्तीत गायली. पंचेचाळीस वर्सांनी! त्याच जोरावर आलती.

आत आली, सम्राटकडं बघितलं बी न्हाय, अप्पांच्या समोर उभी ऱ्हायली. हात जोडले न्हाईत.

"अण्णा, दरसाल दुसऱ्याला विचारतोस न्हवं, कशाची क्षमा ते बोला? आज तू बोल."

"बस की आधी. हुग्गी खा."

"हुग्गी खायला कुरुंदवाडात खपली मिळत न्हाय काय? बोल तू."

अप्पांनी रेकॉर्डवरची सुई उचलली. पारस सैपाकघराच्या दारात आला. म्हणाला, "आत्या बरोबर बोलालीया, अप्पा."

"तू गप. लाल डब्यातला रंग तेवढा बघ." म्हंजे त्यांना रंगाचे डबे दिसलते, पण कशाला आणलेत ते कळलं नव्हतं, त्यांना वाटलं पोरगा फौंड्रीचं गेट रंगवालाय. पारसचं तोंड बघण्यासारखं झालं.

मग अप्पा त्रिशलाआत्याकडं वळले, आणि आवाज जरा उतरला. "पत्र्याचा डबा म्हणालतो. आठवतंय मला. तवा मी चार रेकॉर्डी ऐकून शाणा झालतो." सुई जाग्यावर ठेवली. "तू परत म्हणालीयास म्हणं. म्हण आज. मी ऐकतो, आणि नाव घेऊन क्षमा मागतो. सगळ्यांदेखत."

रुचिताला वाटलं, संपलं, देवच पावला. आत्या खाली मांडी घालून बसली, पदर सारखा केला आणि सुरू केलं.

काय सांगू तुला. आवाज थोडा वाळलेला, व्हय, वयाचा होता तो. पण एकेक शब्द कसा, तर धुतलेल्या तांदळागत सुटा. वरच्या सुरात गेली तेव्हा सम्राटनं सुद्धा मोबाइल पालथा ठेवला. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई हातात पिळा धरून तशीच उभी. पारसनं तोंड फिरवलं. अप्पा डोळे मिटून, एक कान पुढं करून ऐकालते, कपाळाला आठ्या.

संपलं. अप्पांनी डोळे उघडले.

"खोटं बोलू काय?" अप्पा म्हणाले. "क्षमा मागायची म्हणून खोटं बोलू? धार न्हाय, त्रिशले. ओल्या पोत्यात गुंडाळल्यागत येतंय. आणि शब्द सगळे चावून टाकतीस. काय म्हणालीस, एक शब्द लागला न्हाय मला. तवा पत्रा तरी होता, आता पत्रा बी गंजला."

कुठलं हे तोंड, सांग! आणि वाईट काय, तर माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला जे ऐकू आलं ते तो प्रामाणिकपणे सांगालता.

आत्या रडली न्हाय. उठली. "बायका माझं मन राखायला बसत असतील मग," एवढंच म्हणाली, स्वतःलाच, आणि दाराकडं चालली. ह्या बाईनं पंचेचाळीस वर्सं गिळून परत तोंड उघडलतं, आणि आता ती घरी जाऊन ते कायमचं शिवणार होती. बोलावं तर म्हाताऱ्याची अब्रू सम्राटसमोर जाणार, उद्या ताराबाई पार्कभर होणार. गप ऱ्हावं तर आत्या गेली. पारस रुचिताकडं बघालता, रुचिता पारसकडं. एक नंबरचे दगड दोघं.

आत्यानं एका पायात चप्पल सरकवली, तशी रुचिता हालली. स्पीकरच्या मागं गेली. खोचलेली वायर काढली, दातानं चिकटपट्टी सोडवली, खटक्यात अडकवली. दुसऱ्या स्पीकरची बी.  परत आली आणि 'टोपीवाला'वर सुई ठेवली. आठ वर्सांत पहिल्यांदा तिनं त्या सुईला हात लावला.

आणि गं! झांज अशी सांडली खोलीत! मोहरीच. शंभर टक्के मोहरी. ब्रशची एकेक तार मोजून घ्यावी. तुतारीवाल्याचा श्वास सुद्धा ऐकू आला. पारस दचकला. सम्राटनं डोळे उघडले, इकडं-तिकडं बघितलं आणि म्हणाला, "व्होल्टेज वाढलं वाटतं!" गाढव.

अप्पा जसे बसलते तसेच. आठी हालली न्हाय, पापणी हालली न्हाय. मघाच्याच तालावर मघासारखीच मान. "हे बघ," आत्याला म्हणाले, "ह्याला म्हणत्यात धार. मघापास्नं हीच झांज ऐकालोय."

आत्या उंबऱ्यात, एक पाय चपलीत. तिनं झांज ऐकली. स्पीकरकडं बघितलं. रुचिताच्या हातातली चिकटपट्टी बघितली. मग कितीतरी वेळ भावाच्या तोंडाकडं बघितलं. रुचिता म्हणते, तिला वाटलं आता आत्या बोलणार. पंचेचाळीस वर्सांचा डाव हातात आलाय, आता चितपट. पण आत्यानं चप्पल काढली. परत आली, अप्पांच्या कानाजवळ वाकली आणि फौंड्रीत हाका मारत्यात तसल्या आवाजात म्हणाली,

"उत्तम क्षमा, अण्णा!"

अप्पा जरा मागं सरकले. "आता कसं शब्द नीट बोललीस!" आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की कशाची ते विचारायचं ऱ्हायलं. पण आत्या तवर हुग्गीची वाटी घेऊन खिडकीत जाऊन बसलती आणि गुणगुणालती. बारीक, स्वतःपुरतं. अप्पांना सोडून सगळ्यांना ऐकू येत होतं.

सम्राट रविवारची वेळ सांगून गेला. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून पानं वाढायची होती. रुचितानं विचार केला, आपलं बी उरकून घ्यावं, दरसालसारखं, मोघम. अप्पांसमोर वाकली.

"अप्पा, उत्तम क्षमा."

दरसाल "कशाची?" ताडकन यायचं. ह्या वेळी आलं न्हाय. अप्पांनी रेकॉर्डवर तळवा ठेवून ती थांबवली, तेच अप्पा जे कुणाला कडेला सुद्धा बोट लावू देत न्हाईत. स्पीकरकडं बघितलं. तिच्या बोटाला चिकटलेल्या पट्टीच्या तुकड्याकडं बघितलं. आणि हळू विचारलं, टोमणा न्हाय, काय न्हाय, खरंच विचारलं.

"मघा सगळे माझ्या तोंडाकडं का बघालते, पोरी? कशाची क्षमा मागालीस तू?"

खिडकीतनं आत्यानं डोळ्यानंच न्हाय म्हटलं. दारातनं पारसनं मान खाली घातली. रविवार चार दिवसांवर, फौंड्रीतला शनिवार तीन. कोट ड्रायक्लीनहून आलेला, खुंटीला टांगलेला.

आता पी चहा, आणि सांग. तू काय बोलली असतीस?